नाव आमचे, मग त्याचा कागद कुठे आहे?

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील एकतिसाव्या श्लोकाने माणसाच्या नावाचाही कायदा केला. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे मात्र ऐकणाऱ्याला किळस यावी असे असावे, हा तो कायदा. शूद्राची ही गत, तर गावकुसाबाहेर ठेवलेल्यांचे काय विचारता? मूल जगावे म्हणून इतर जातींतही एखाद्याला धोंडू, दगडू म्हणत. आमच्या वस्तीत मात्र तो नेमच झाला होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. श्लोक जळाला; पण त्याने दिलेली नावे शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजही जिवंत आहेत आणि आमच्या मुलांची वाट अडवीत आहेत.

हे लिहायला कारण घडले ते उमरगा तालुक्यातील मुरुमच्या एका बौद्ध बांधवामुळे. त्यांचा मुलगा बारावीला चांगले गुण मिळवून अभियांत्रिकीच्या दारात उभा राहिला. जात वैधता प्रमाणपत्रासाठी कागद जुळवू लागला, तेव्हा एकाच घरातली तीन माणसे तीन घरची निघाली! आजोबांची नोंद निजामाच्या राजवटीतली, उर्दूत, आडनाव नाहीच. वडिलांच्या शाळेत गुरुजींनी आडनावाच्या रकान्यात थेट जातच लिहून ठेवलेली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले, त्या भारलेल्या दिवसांत वडिलांनी ते जातीचे आडनाव टाकून गावावरून नवे घेतले. मुलाच्या सर्व कागदांवर हेच नवे आडनाव. पण ते कधी घेतले, याचा एक चिटोराही घरात नव्हता. धावपळ झाली, मुदत टळली, मुलाचे वर्ष गेले. वडील आमच्यासमोर बसून म्हणाले, "साहेब, आडनाव बदलले ही माझी चूक झाली का?"

नाही. आडनाव बदलले ही चूक नव्हे. ते कागदावर आणले नाही, ही चूक. आणि ती त्यांची एकट्याची नाही. चळवळ म्हणून आपल्या सर्वांची आहे. आम्ही मोर्चे काढले, तुरुंगात गेलो, विद्यापीठाला नाव मिळवून दिले. पण स्वतःच्या नावाची नोंद करायला विसरलो.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे. त्या गावाची ओळख सांगणारे आडनाव मागे पडून ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. पुढची प्रत्येक पदवी त्याच नावाने आली. रजिस्टरातल्या एका ओळीचे बळ हे असे असते.

कायदा काय म्हणतो, ते नीट समजून घ्या. सज्ञान माणसाला नाव बदलायला सरकारची परवानगी लागत नाही. आपण प्रतिज्ञापत्र करतो, जुने नाव, नवे नाव आणि कारण लिहून देतो, आणि त्याची सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये छापून येते. तिथेच शासन सांगून ठेवते की मजकूर अर्जदाराचा आहे, त्याच्या खरेपणाची हमी आम्ही घेत नाही. म्हणजे नाव शासन देत नाही. घोषणा आपली, राजपत्र केवळ साक्षीदार! ३ जून २०२१ रोजी जिज्ञा यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नाव हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानला. त्या खंडपीठात न्या. भूषण गवई होते, जे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. मात्र त्याच निकालाने नवे नाव प्रमाणपत्रावर घ्यायचे तर राजपत्रासारखा आधार दाखवा, असेही सांगितले आहे. हक्क आहे, पण पुरावा आपणच द्यायचा आहे.

म्हणून काही गोष्टी गाठीला बांधून ठेवा. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने मुद्रांक शुल्क माफ आहे. कोणी पाचशेचा मुद्रांक मागितला, तर हे सांगा. मूल शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. दाखला हाती पडल्यावर बदल करून घेणे फार अवघड जाते. राजपत्राच्या प्रती जपा. आणि सर्वांत महत्त्वाचे, जुना कागद फाडू नका. त्यावर लिहिलेली शिवी आपली नाही, ती लिहिणाऱ्याची आहे. पण १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे आपले वास्तव्य सिद्ध करायला तोच कागद उभा राहतो. जुने आणि नवे नाव जोडणारा पूल म्हणजे राजपत्र. एक काठ तोडून पूल उभा राहत नाही.

काही बांधव शहरात भाड्याचे घर मिळावे म्हणून उच्चवर्णीय वाटेल असे आडनाव घेतात. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण लपण्यासाठी घेतलेले नाव माणसाला आयुष्यभर धाकात ठेवते. नाव स्वाभिमानाने बदला. आडनाव बदलल्याने आरक्षणाचा हक्क जात नाही. १९५६ ला धम्म स्वीकारूनही केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत आमच्या लोकांना कागदावर हिंदू राहावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश झाला. आता दोन तोंडांनी जगण्याचे कारण उरलेले नाही.

आता शासनाला एक सवाल. उस्मानाबादचे धाराशिव झाले ते २०२३ मधील अधिसूचनांनी. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. जुन्या कागदावर उस्मानाबाद आहे आणि नव्यावर धाराशिव, म्हणून हा जिल्हाच दुसरा, असे कोणी म्हणत नाही. जिल्ह्याला जो विश्वास मिळतो, तो मुरुमच्या मजुराच्या पोराला का मिळू नये? वस्त्यांची जातिवाचक नावे हटवण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. महारवाड्याचे भीमनगर होईल. पण त्या भीमनगरात राहणाऱ्याच्या दाखल्यावरची जात आडनाव म्हणून तशीच राहणार काय? ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नाव पडलेल्या २८० हून अधिक मुलींना प्रशासनाने पुढाकार घेऊन नवी नावे दिली. साताऱ्याला जमले, ते धाराशिवला का जमू नये? तालुक्या-तालुक्यात शिबिरे घ्या, तिथेच प्रतिज्ञापत्र करा, तिथूनच राजपत्राचा अर्ज भरा.

शासन येईल तेव्हा येईल. यंदाच्या वर्षावासात प्रत्येक विहाराने ग्रंथवाचनानंतर एक तास कागदांसाठी द्यावा. घराघरांतील तीन पिढ्यांचे दाखले समोर ठेवून नावे जुळतात का ते पाहावे. वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी अर्ज भरून द्यावेत. आम्ही वकील मंडळींनी त्यासाठी एक पैसाही घेऊ नये.

मुरुमच्या त्या बांधवाच्या आडनावाची सूचना आता राजपत्रात छापून आली आहे. मुलगा यंदा पुन्हा अर्ज भरतो आहे. त्याचे गेलेले वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. पुढच्या पोराचे जाऊ नये, एवढे मात्र आपल्या हातात आहे.

जय भीम!