घोड्याचा फॉर्म छापता, मग नगरसेवकाचा का नाही?

राजकीय पत्रकार आणि त्याला रेसचं वेड? असं कोणी सांगितलं तर आपण हसतो. पण रॉबिन ओकली या ब्रिटिश पत्रकाराचं करिअर बघा. आधी 'द टाइम्स'चा राजकीय संपादक, १९९२ ते २००० बीबीसीचा, नंतर सीएनएनमध्ये. आणि एवढं सांभाळून 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात वर्षानुवर्षं घोड्यांच्या शर्यतींवर सदर!

मला वाटतं, आपल्या राजकीय बातमीदारांनी खरं तर रेसच्या पानावरच उमेदवारी करावी. तिथे नुसत्या बाता चालत नाहीत. घोडा मागच्या वेळी कितवा आला, पाठीवर वजन किती, जॉकी कोण, ट्रॅक ओला की कोरडा... सगळं छापावं लागतं. कारण वाचकाने खिशातले पैसे लावलेले असतात.

आता आपल्या जळगावला या. २०१८ साली महापालिकेत ७५ पैकी ५७ जागा भाजपला मिळाल्या. मार्च २०२१ मध्ये त्यातले २७ जण फुटले आणि अवघ्या १५ नगरसेवकांच्या शिवसेनेचा महापौर ४५ विरुद्ध ३० मतांनी झाला. मग चर्चा काय, तर कोणी कोणाचा गेम केला! त्या २७ जणांनी अडीच वर्षांत वॉर्डात काय केलं, याचा तक्ता मला तरी कुठे दिसला नाही.

आणि हे त्या शहरात, जिथल्या घरकुल घोटाळ्यात ३१ ऑगस्ट २०१९ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली, ते ठीक. पण गुन्हा २००६चा. मधल्या तेरा वर्षांत आपण किती वेळा मतदान केलं, मोजा.

"लोकांना मसालाच लागतो हो," हे नेहमीचं उत्तर. साफ खोटं! रेसचं पुस्तक लोक पैसे देऊन घेतात ते आकड्यांसाठीच.

आणि फोडाफोडीला 'घोडेबाजार' म्हणणं तर सोडूनच द्या. सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक घोड्याचे दात बघतो, चाल बघतो, मग पैसे मोजतो. आपण काय बघतो?

तेव्हा पत्रकार मंडळी, पुढच्या मतदानाआधी वॉर्डनिहाय एवढंच छापा: सभेला हजेरी किती, निधी कुठे खर्च झाला, पक्ष किती वेळा बदलला. एक एक्सेल शीट पुरेल. मग खुशाल सांगा कोण जिंकणार ते!