वही उघडली म्हणजे नोंद झाली असे नव्हे

जुन्या पेढ्यांत सायंकाळी रोजमेळ बंद करण्याची एक शिस्त होती. मुनीम रोकड मोजी, जमा आणि नावे यांचा मेळ घाली, शेवटच्या नोंदीखाली रेघ ओढी आणि मगच वही कपाटात जाई. दिवसभरात ती कितीदा उघडली, याला महत्त्व नव्हते. शेवटची नोंद कोणती, एवढेच पाहिले जाई. आज घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली येथील पेढ्यांचा पुष्कळसा व्यवहार ई-मेलने होतो. भाव, मागणी, मालाचे वर्णन, रकमेची मुदत, बँकेच्या सूचना, सारे त्यातच असते. या नव्या वहीची नक्कल, म्हणजे बॅकअप, घड्याळाच्या ठोक्याला आपोआप निघते; पण तीत काय उतरले, हे क्वचितच तपासले जाते.

या पत्रव्यवहाराचे मोल न्यायालयानेही मान्य केले आहे. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांता अॅल्युमिनियम यांच्यातील बॉक्साइट पुरवठ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला, की प्रस्ताव आणि स्वीकृती ई-मेलमधून स्पष्ट होत असेल, तर रीतसर करारपत्रावर सह्या झाल्या नाहीत म्हणून करार निष्फळ ठरत नाही. अर्थात, ती पत्रे हाती असली पाहिजेत.

ज्या पेढ्यांत आउटलुक वापरतात, तेथे ही पत्रे बहुधा ‘पीएसटी’ नावाच्या एकाच डेटा फाइलमध्ये साठतात. पीओपी पद्धतीचे खाते असेल, तर पत्रे सर्व्हरवरून संगणकावर उतरतात आणि मांडणी तशी केलेली असल्यास सर्व्हरवरून पुसलीही जातात. मग ती एक फाइल म्हणजेच अस्सल वही ठरते. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत या फाइलची मर्यादा २ जीबी होती. २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी आणि २०१० पासून ५० जीबी झाली. एवढी मोठी फाइल रोज संपूर्ण उतरवणे वेळखाऊ असते. म्हणून अनेक बॅकअप प्रणाली आधी एक प्रश्न विचारतात, ‘फाइल बदलली आहे काय?’ बदलली असेल तरच नक्कल निघते. खरी अडचण या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

सर्वांत सोपी खूण म्हणजे फाइलवरील ‘शेवटचा बदल’ ही तारीख आणि वेळ. परंतु आउटलुक ही फाइल उघडताच स्वतःच्या अंतर्गत नोंदींसाठी तीत काहीतरी लिहिते. एकही पत्र आले किंवा गेले नसले, तरी तारीख बदलते. उलट, फाइल उघडी असेपर्यंत बाहेरून दिसणारी तारीख मागे राहू शकते. दिवसभर पत्रे येत असतात आणि शिक्का मात्र सकाळचाच दिसतो. म्हणजे ही खूण दोन्ही बाजूंनी फसवते.

दुसरी खूण आकाराची. पत्र पुसले, तरी फाइल लगेच लहान होत नाही. रिकामी झालेली जागा आतच राहते आणि पुढची पत्रे त्या जागेत बसतात. पन्नास नवी पत्रे येऊनही आकार तसाच राहू शकतो. त्याच फाइलचे आकुंचन केले, तर एकही पत्र न गमावता तिचा आकार एकदम घटतो.

तिसरी खूण म्हणजे ‘हॅश’, फाइलच्या संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. ‘एसएचए-२५६’ पद्धतीचा ठसा ६४ अक्षरांचा असतो आणि फाइलमधील एक अक्षर बदलले, तरी तो पूर्णपणे वेगळा येतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने तो विनामूल्य काढता येतो. दोन दिवसांचे ठसे सारखे असतील, तर फाइल तीच आहे असे निश्चिंतपणे मानावे. मात्र ठसे वेगळे आले, म्हणजे नवा व्यवहार झालाच, असे म्हणता येत नाही. आउटलुकने स्वतःसाठी केलेली नोंदही ठसा बदलते.

म्हणून व्यापाऱ्याने अखेर मुनिमाचीच रीत धरावी आणि शेवटची नोंद पाहावी. आलेल्या पत्रांच्या आणि पाठवलेल्या पत्रांच्या फोल्डरमध्ये एकूण किती पत्रे आहेत आणि सर्वांत अलीकडचे पत्र कोणत्या दिवशी, किती वाजताचे आहे, या चार गोष्टी सायंकाळी एका ओळीत लिहून ठेवाव्यात. कालच्या ओळीपेक्षा आजची ओळ पुढे गेली असेल, तर नक्कल घेण्याची वेळ झाली. ओळ तीच असेल, तर जुनी नक्कल पुरेशी आहे. संख्या अचानक शेकड्यांनी घटली असेल, तर मात्र थांबावे. कारण समजेपर्यंत जुन्या नकलेवर नवी चढवू नये.

घड्याळावर चालणाऱ्या बॅकअपचा धोका दिवाळीत स्पष्ट दिसतो. समजा, एका पेढीत रोज रात्री नक्कल निघते आणि शेवटच्या सात प्रती राहतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वीज गेल्याने फाइल सदोष झाली आणि आउटलुक पुन्हा कोणी उघडलेच नाही. पेढी लाभपंचमीपर्यंत बंद, संगणक मात्र चालू. पंचमीच्या सकाळी सातपैकी पाच प्रती सदोष असतात. दोष ध्यानात यायला आणखी दोन दिवस लागले, तर चांगली प्रत एकही उरत नाही. शेवटची नोंद पाहून नक्कल घेणाऱ्या पेढीत हे घडत नाही, कारण सुटीच्या दिवसांत नवी प्रत निघत नाही आणि जुन्या प्रती जागेवर राहतात.

प्रत्येक बदल तत्काळ सर्वत्र उतरवणारी व्यवस्थाही बॅकअपची जागा घेऊ शकत नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विघातक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले. त्याची झळ मुंबईजवळच्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरालाही पोहोचली. तेथील याच समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले आणि उपनगरांतील आयात-निर्यातदारांचे कंटेनर खोळंबले. कंपनीच्या जाळ्याची मूळ माहिती सांभाळणारे सर्व्हर एकमेकांच्या प्रती होते. म्हणून ते एकत्रच निकामी झाले. पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, घाना येथील एकच सर्व्हर वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. जाळ्यापासून तुटलेल्या त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली.

प्रत कोठे ठेवावी, हे उपनगरांना २६ जुलै २००५ ने शिकवले आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि तळमजल्यावरच्या असंख्य दुकानांत व कचेऱ्यांत पाणी शिरले. संगणक आणि त्याची नक्कल एकाच टेबलाखाली असतील, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. एक प्रत पेढीत, एक घरी वरच्या मजल्यावर आणि शक्य असल्यास एक दूरच्या सर्व्हरवर असावी.

कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. वस्तू व सेवा कराच्या केंद्रीय नियमांतील नियम ५७ सांगतो, की अपघात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या, तरी वाजवी काळात त्या परत उभ्या करता येतील असा इलेक्ट्रॉनिक बॅकअप ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना द्यावयाच्या प्रमाणपत्रात हॅशही नमूद करावा लागतो. म्हणून नक्कल घेतल्या दिवशीच तिचा ठसा तारखेसह लिहून ठेवणे हिताचे.

रोजची कृती दहा मिनिटांची आहे. काम संपल्यावर आउटलुक पूर्ण बंद करावे; उघड्या फाइलची साधी नक्कल एक तर निघत नाही किंवा अर्धवट निघू शकते. त्याआधी संख्या आणि शेवटच्या पत्राची वेळ लिहावी. ओळ पुढे गेली असेल, तर फाइल उतरवून तिला त्या दिवसाची तारीख नावात द्यावी, ठसा नोंदवावा आणि बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. महिन्यातून एकदा एखादी प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. पण आउटलुक उघडताच फाइलमध्ये लिहिते. तेव्हा मूळ नक्कल न उघडता तिची आणखी एक नक्कल करून ती उघडावी, म्हणजे नोंदवलेला ठसा अबाधित राहतो.

हे काम पेढीत एका ठरावीक व्यक्तीकडे असावे आणि ती ओळ आठवड्यातून एकदा घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावी. ज्यांनी आयुष्यभर रोजमेळ तपासला, त्यांना शेवटची नोंद कशी वाचायची, हे निराळे शिकवावे लागत नाही.