धवळे वाचले, धवला ऐकला का?

मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला महदंबेचे 'धवळे' निदान परीक्षेपुरते तरी ठाऊक असतात. तेरावे शतक, महानुभाव पंथ, कृष्ण-रुक्मिणीचा विवाह, आद्य मराठी कवयित्री. एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु नवी मुंबईत हा पाठ गिरवणाऱ्या किती जणांनी शेजारच्या आगरी गावात लग्न लावणाऱ्या धवलारणीचा धवला ऐकला असेल? या दोन परंपरांचे नाते काय, हा पुढचा प्रश्न. पण ऐकल्यावाचून तो नीट विचारताही येणार नाही.

अशा वेळी डॉ. अशोक दा. रानडे (१९३७-२०११) यांची आठवण होते. गायनाची तालीम घेतलेला आणि साहित्यही रीतसर शिकलेला हा अभ्यासक मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचा पहिला संचालक होता. कलासंगीत हीच साऱ्या संगीताची मोजपट्टी, हे त्यांनी मानले नाही. आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा संगीतकोटी मांडून प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या निकषांवर तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. नाट्यसंगीत, चित्रपटगीत, वक्तृत्व, आवाजसाधना हे सारेच त्यांच्या अभ्यासाचे विषय होते.

प्रश्न असा की, या वाटेने आज एखादी विद्यार्थिनी निघाली तर तिला जागा कोठे? संगीत विभाग रागदारी मागतो, साहित्य विभाग छापील संहिता. धवला मात्र दोहोंच्या मध्ये उभा आहे. त्याचे शब्द उतरवून घेतले म्हणजे धवला हाती आला, असे नव्हे. ओळ कोठे पुन्हा येते, श्वास कोठे तुटतो, कोणत्या विधीला कोणता स्वर लागतो, यातच त्याचा निम्मा अर्थ असतो.

'हे आमचे काम नव्हे' असे साहित्याचे प्राध्यापक म्हणतील. पण ओवी, भारूड, पोवाडा आपण शिकवतोच ना? १९७० साली सिडको आली. भातशेती आणि मिठागरे जाऊन नोड उभे राहिले. लग्नाच्या मांडवात आता ध्वनिवर्धकांच्या भिंती आहेत. वयस्कर धवलारणींचा आवाज काही आपल्या अभ्यासमंडळांच्या बैठकीसाठी थांबणार नाही. प्रत्येक मराठी विभागाने, गाणाऱ्या स्त्रियांची संमती घेऊन आणि त्यांना मानधन देऊन, एक छोटा ध्वनिसंग्रह सुरू करावा. त्यावरील प्रबंधाला साहित्याचाच प्रबंध मानावे. रानड्यांचे स्मरण करायचे तर ते असे करावे.