मानसचित्रण, ऊर्जोपचार आणि आपला नामफलक



पनवेल परिसरातील आपल्यापैकी काहींच्या नामफलकांवर 'आयुर्वेद व पंचकर्म' या शब्दांखाली 'रेकी, प्राणिक हीलिंग, चक्रसंतुलन' अशी आणखी एक ओळ आढळते. ती ओळ माझ्याही फलकावर सुमारे सहा वर्षे होती. त्यामुळे प्रस्तुत लेखात परनिंदेचा हेतू नाही, हे आरंभीच नमूद करतो.

बी.ए.एम.एस. झाल्यावर व्यवसायाच्या आरंभीच्या काळात मी रेकीच्या दोन पायऱ्या पूर्ण केल्या. दुसऱ्या पायरीत काही चिन्हे शिकवितात. ती मनोमन रेखाटायची, रुग्ण समोर नसल्यास त्याचे छायाचित्र घेऊन वा नुसते नाव उच्चारून त्याची मूर्ती डोळ्यांपुढे आणायची, आणि व्याधिस्थानी प्रकाश उतरत आहे असे पाहायचे. स्फटिक, लोलक, पिरॅमिड ही सर्व सामग्री बाजूला ठेवली तर या उपचारांचे खरे साधन मानसचित्रण हेच उरते. रुग्णांना त्याने बरे वाटे, हे मी स्वतः अनुभवले आहे. मात्र ते कशामुळे वाटे आणि त्या आधारावर आपण रुग्णास कोणते आश्वासन देतो, हा विचार मी बराच काळ टाळला.

तो करणे मला भाग पाडले एका वृद्ध शेतकऱ्याने. दहा वर्षांचा मधुमेह, पायाच्या अंगठ्याजवळ व्रण. माझ्याकडे व्रणोपचार आणि एका फिजिशियनकडे इन्सुलिन चालू होते. मध्येच त्यांनी कोणाकडून तरी 'दूरस्थ उपचार' सुरू केले. रोज रात्री नऊ वाजता उपचारकाने आपल्या घरी आणि यांनी आपल्या घरी, व्रण भरून आल्याचे चित्र पाहायचे. इन्सुलिनमुळे ऊर्जेचा प्रवाह अडतो, असे सांगितल्यावरून त्यांनी तेही थांबविले. पाच आठवड्यांनी आले तेव्हा अंगठा व त्याशेजारचे बोट काळे पडले होते. दोन्ही काढावी लागली. मी संतापून विचारले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या बोर्डावर पण तेच लिहिलंय की." त्याच आठवड्यात मी ती ओळ रंगवून टाकली.

'हे आपलेच प्राचीन शास्त्र आहे', हा युक्तिवाद आपल्या मंडळींत फार चालतो. रेकीचा उगम जपानमधील, मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास मांडलेला. प्राणिक हीलिंगची आजची पद्धती चोआ कोक सुई यांनी फिलिपिन्समध्ये घडविली. चक्रे मात्र आपली खरी, पण ती तंत्र व योग परंपरेतील. बृहत्त्रयीतील चिकित्सा त्यांवर उभी नाही. शिवाय भिंतीवर आपण जो इंद्रधनुषी तक्ता लावतो, तो त्या परंपरेशीही जुळत नाही. पूर्णानंदांच्या सोळाव्या शतकातील 'षट्चक्रनिरूपणा'त अनाहत चक्र बंधूकपुष्पासारखे तांबडे आहे, तक्त्यात ते हिरवे. मणिपुराच्या पाकळ्या ग्रंथात जलभरल्या मेघासारख्या, तक्त्यात पिवळ्या. आज्ञाचक्र ग्रंथात चंद्रासारखे शुभ्र, तक्त्यात गडद निळे. सप्तरंगांची ही वाटणी विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली आणि तेथून आपल्याकडे परत आली. मग 'हिरव्या प्रकाशाने हृद्रोग बरा होतो' असे सांगताना आपण कोणाचे प्रमाण देतो?

ऊर्जा हाताला जाणवते, या दाव्याचीही एकदा परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतील एमिली रोझा या शाळकरी मुलीने 'थेरप्यूटिक टच' करणाऱ्या 21 उपचारकांना पडद्याआडून हात पुढे करावयास सांगितले आणि आपला हात त्यांच्या कोणत्या हाताजवळ आहे, हे ओळखावयास लावले. 280 प्रयत्नांत 123 उत्तरे बरोबर आली, म्हणजे 44 टक्के. नाणे उडविले असते तरी निम्मी आली असती. हा प्रयोग 1998 साली 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ मानसचित्रण टाकाऊ आहे, असा नव्हे. चिंच नुसती मनात आणली तरी तोंडाला पाणी सुटते. चरकाने मनाच्या विषयांत चिंत्य, विचार्य, ऊह्य यांच्याबरोबर ध्येय आणि संकल्प यांची गणना केली आहे, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरणे यास सत्त्वावजय म्हटले आहे. आपल्याला एवढी भूमी पुरेशी आहे. शिरोधारेच्या वेळी मी रुग्णास त्याच्या ओळखीचे एखादे ठिकाण मनात पाहावयास सांगतो. कोणाचे गावचे तळे असते, कोणाचे आजोळचे अंगण. श्वास संथ होतो, स्नायू सैल पडतात. अनिद्रा, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, जुनाट वेदना यांत याचा साहाय्यक म्हणून उपयोग होतो. यासाठी रुग्ण समोर असावा लागतो, कारण परिणाम त्याच्याच मनाद्वारे त्याच्याच शरीरावर होतो. घरी बसून मी पाहिलेल्या चित्राने त्याची शर्करा उतरत नाही.

मणी आणि मंत्र चरकानेच दैवव्यपाश्रय चिकित्सेत सांगितले आहेत, असा प्रतिवाद होईल. मान्य. सुश्रुताच्या व्रणाच्या साठ उपक्रमांतही रक्षाविधान आहेच. परंतु ते साठांपैकी एक आहे. शोधन-रोपण सोडून रक्षाविधान करा, असे सुश्रुताने कोठेही म्हटलेले नाही.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. काउंटरवर मधुमेहासाठी वा कर्करोगासाठी म्हणून स्फटिक, तांब्याचे पिरॅमिड आणि उपचारकांची पत्रके ठेवणे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. त्या कायद्याने रोग बरा करण्याचा चमत्कारी गुण सांगितलेले ताईत, मंत्र, कवच यांनाही जादुई उपाय मानले आहे. ज्या पनवेलमध्ये कृष्णशास्त्री पुराणिकांनी 1872 साली श्री धूतपापेश्वरच्या रूपाने औषधनिर्मिती आरंभिली, तेथे खलात घोटलेल्या भस्माशेजारी 'ऊर्जाभारित' पाण्याची बाटली मांडलेली पाहून मला तरी संकोच वाटतो.

संघटनेच्या पुढील सभेत या विषयावर ठराव मांडण्याचा माझा विचार आहे. जो सभासद मानसचित्रण वापरील, त्याने चालू औषधे बंद करावयास सांगू नये, अनुपस्थित रुग्णावरील उपचाराचे शुल्क घेऊ नये, आणि काय केले ते केसपेपरवर नोंदवावे, एवढाच त्याचा आशय.

ते शेतकरी अद्याप माझ्याकडे येतात. इन्सुलिन नियमित आहे. रात्री पायाची आग झाली की डोळे मिटून शेताच्या बांधावरून ओल्या मातीत चालत असल्याचे पाहतात आणि त्यांना झोप लागते. मागच्या खेपेस त्यांनी विचारले, "पाय मनात पाहताना दोन बोटांसकट पाहायचा की आत्ता आहे तसा?" आहे तसाच पाहा, असे मी सांगितले.