धुराचा पैसा गेला कोठे?

गावच्या पंचांनी देवळाच्या कळसासाठी घरोघरी वर्गणी मागावी, वर्षानुवर्षे ती वसूल करावी, आणि अखेरीस चावडीवर दवंडी पिटावी की, कळसावाचून काही अडत नाही, देव तसाच जागृत आहे! अशा पंचांना कोणते गाव हिशेब विचारल्यावाचून सोडील? कोळशाच्या धुराबाबत हिंदुस्थान सरकारने नेमके हेच केले आहे, आणि हिशेब मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून तो आम्ही विचारीत आहोत.

2010 साली सरकारने कोळशाच्या प्रत्येक टनावर 50 रुपये ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसविला. कोळशाने हवा बिघडते, तेव्हा कोळशानेच ती सुधारण्याचा खर्च द्यावा, हा त्यामागील न्याय. तो आम्हास तेव्हाही मान्य होता, आजही आहे. 2014 मध्ये उपकर 100 झाला, 2015 मध्ये 200, आणि 2016 मध्ये 400 रुपये. 2010-11 ते 2017-18 या काळात तिजोरीत सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. त्यांपैकी स्वच्छ ऊर्जेच्या राष्ट्रीय निधीत पोचले 29 हजार कोटींच्या वर थोडे, आणि त्यातून प्रत्यक्ष कामास लागले जेमतेम 16 हजार कोटी. पुढे 2017 च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि हाच 400 रुपयांचा उपकर राज्यांच्या महसुली नुकसानीची भरपाई करण्याकडे वळविण्यात आला. नाव बदलले, वसुली तीच राहिली!

आता याच काळातील दुसरी कथा ऐका. 7 डिसेंबर 2015 रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांच्या धुराला प्रथमच गंधक वायूची, म्हणजे सल्फर डायऑक्साइडची, मर्यादा घातली. ती पाळण्याचे साधन काही अगम्य नाही. चिमणीत शिरण्यापूर्वी धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारावयाचा. गंधक चुन्यात अडकते आणि जिप्सम हाती येते. जर्मनीने 1983 च्या कायद्यान्वये आपल्या मोठ्या केंद्रांवर ही यंत्रे काही वर्षांत बसवून घेतली. आमच्याकडे मुदत होती दोन वर्षांची. ती 2022 पर्यंत लांबली, मग 2024 ते 26, मग 2027 ते 29. आणि 11 जुलै 2025 रोजी सरकारने मुदत वाढविण्याचाही त्रास संपविला. देशातील सुमारे 78 टक्के संचांना चिमणीच्या उंचीची अट घालून गंधकाच्या मर्यादेतूनच मुक्त केले. यंत्रे बसावयाची होती 537 संचांवर; तोपर्यंत बसली होती 39.

या माफीच्या बाजूने जे सांगितले जाते, ते सारेच खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या कोळशात गंधक कमी आहे, हे खरे. यंत्राला स्वतःला वीज लागते आणि चुनखडीतून कर्बवायू सुटतो, हेही खरे. परंतु गंधक कमी असले तरी कोळसा किती जळतो? आणि उंच चिमणी धूर नाहीसा करीत नाही, दूर धाडते. तो वायू हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण होऊन शेकडो मैल जातो. विजापूर जिल्ह्यात कुडगीचे केंद्र 2400 मेगावॉटचे, सोलापूरचे 1320 मेगावॉटचे. यांच्या धुराला महाजन अहवालाशी काही कर्तव्य नाही!

पण खरा युक्तिवाद पैशाचा होता. या यंत्रांमुळे वीज युनिटमागे 25 ते 30 पैशांनी महागली असती आणि गरीब ग्राहक भरडला गेला असता, असे वीजधंद्याच्या गोटातून सांगण्यात आले. ठीक आहे. आता वाचकांनी आमच्याबरोबर एक साधे त्रैराशिक मांडावे. एक युनिट विजेला साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. टनास 400 रुपये, तर युनिटमागे उपकर किती? 26 ते 28 पैसे! म्हणजे जो भार गरिबाला सोसवणार नाही असे आज सांगतात, तितकाच भार हवेच्या नावाने 2016 पासून गरीब ग्राहक सोशीत होताच. पैसा त्याने दिला; यंत्र तेवढे त्याला मिळाले नाही. उलट, 2018 च्या मे महिन्यात वीज मंत्रालयाने यंत्रांचा खर्च कायद्यातील बदल म्हणून दरात धरावा असा आदेश काढला. एकाच धुराचे पैसे एकाच माणसाकडून दोनदा घेण्याची ही तजवीज!

इच्छा असली तर काय होते हे पाहावयास जर्मनीपर्यंत जाण्याचे कारण नाही. डहाणूला जावे. तेथील 500 मेगावॉटच्या केंद्रावर हे यंत्र बसलेच पाहिजे, असे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील पर्यावरण प्राधिकरणाने 1999 साली फर्माविले. हे प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून जन्मलेले. चालढकल झाली, तेव्हा 2005 मध्ये प्राधिकरणाने 300 कोटींची बँक हमी मागितली. 2007 मध्ये यंत्र सुरू झाले, तेही समुद्राच्या पाण्यावर चालणारे. चिकूच्या बागाईतदारांनी आणि आदिवासींनी हा लढा वर्षानुवर्षे जागता ठेवला. तेथे विजेचा धंदा बुडाल्याचे आम्ही ऐकले नाही.

सरकारजवळ पैसा नाही, हे तर कोणी सांगूच नये. 2024 च्या जानेवारीत कोळशापासून वायू करण्याच्या योजनेला 8,500 कोटी मंजूर झाले. त्याच वर्षीच्या जुलैत अतिप्रगत तंत्राच्या 800 मेगावॉट केंद्राला आर्थिक पाठबळ देण्याची घोषणा अर्थसंकल्पात झाली. उद्याच्या कोळशाला अनुदान आणि आजच्या चिमणीला माफी, असा हा न्याय आहे.

आम्ही ठेकेदारांच्या खिशात अनुदान कोंबा असे म्हणत नाही. यंत्र बसते, उद्घाटन होते, आणि वीज वाचविण्यासाठी रात्री ते बंद ठेवले जाते. असा अनुभव चीनला आला. म्हणून तेथे गंधक काढून केलेल्या विजेला 2004 पासून युनिटमागे दीड फेन जादा दर दिला जाऊ लागला, आणि पुढे यंत्र बंद आढळल्यास तो कापून वर दंड. आम्हासही पैसा असाच हवा आहे, यंत्र उभे केल्याचा नव्हे, चालविल्याचा.

22 सप्टेंबर 2025 पासून 400 रुपयांचा उपकर उठला आणि कोळशावरील कर 5 वरून 18 टक्के झाला. या वाढीव करातून ठराविक हिस्सा धूर धुण्यासाठी कायद्याने बांधून द्यावा, आणि त्याचा पहिला वाटा जेथे चिमणीखाली वस्ती दाट आहे तेथे जावा, ही आमची मागणी आहे. आणखी एक. प्रत्येक केंद्राच्या चिमणीतून काल किती गंधक गेले, तो आकडा जवळच्या नगरपालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी खडूने लिहिला जावा. जन्ममृत्यूची नोंद तेथेच होते.