नेत्रदानाचा फॉर्म भरला, पण चुन्याची डबी कुठे ठेवली आहे?



पर्युषण जवळ आलं की आपल्याकडे नेत्रदानाचे फॉर्म फिरू लागतात. २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर हा देशभर नेत्रदान पंधरवडा असतो आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या पर्वाच्या आगेमागेच येतो. घरात कुणी गेलं की रडणं आवरून कुणीतरी नेत्रपेढीला फोन लावतं. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हे आपल्याकडच्या मुलींनाही ठाऊक असतं. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

पण मेल्यानंतर डोळे देणारे आपण, जिवंतपणी ते किती जपतो? माझं मत स्पष्ट आहे: डोळ्याला इजा होऊ न देणं हा जयणेचाच भाग आहे. पाच समितींमधली चौथी समिती म्हणजे आदान-निक्षेपण, वस्तू उचलताना आणि ठेवताना पाळायचं भान. ती साधू-साध्वींसाठी सांगितली असली तरी तिचा धडा आपल्या ओट्यापाशी रोज लागू पडतो. मोरीतली ॲसिडची बाटली, शिवणाच्या डब्यातली कात्री, चुन्याची डबी आपण ठेवतो कशी आणि कुठे?

चुन्याचंच आधी बोलू. काही घरांत उकळलेल्या पाण्याचा काळ वाढवायला चुना वापरतात, काहींकडे आजोबांच्या पानासाठी असतो. बाजारात तो छोट्या प्लास्टिकच्या पुडीत मिळतो. मूल खेळता खेळता ती पुडी दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आपल्या देशात लहान मुलांचे डोळे भाजण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांना ते चांगलं माहीत आहे. चुना हा क्षार आहे आणि क्षार बऱ्याचदा ॲसिडपेक्षाही खोल शिरतो. शिवाय त्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि आतल्या आत भाजत राहतात.

२०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, 'कार्बाइड गन' नावाच्या नळीने कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की पेट घेणारा वायू तयार होतो आणि मागे उरतो तो चुनाच. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावून बघतं आणि तेवढ्यात स्फोट होतो. आपण जीवदयेपोटी फटाके नको म्हणतो ते योग्यच आहे. पण मुलांना हेही सांगा, की हे खेळणं शेजारच्याने आणलं असलं तरी त्याच्या जवळ उभं राहायचं नाही.

आता नाजूक मुद्दा, पाण्याचा. डोळ्यात चुना, ॲसिड, फिनाईल, काहीही गेलं तर पहिला उपाय एकच: ताबडतोब पाणी, भरपूर पाणी, निदान १५ ते २० मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. रिक्षात बसण्याआधी, डॉक्टरांना फोन करण्याआधी. आपल्याला लहानपणापासून पाणी तुपासारखं वापरायला शिकवलं आहे. त्यामुळे हात आखडतो, कुणी गाळलेलं पाणी शोधू लागतं. त्या क्षणी शोधू नका. समोरचा नळ सोडा. अप्कायाच्या जीवांची विराधना होते हे खरं, त्याचं आलोचन आपण प्रतिक्रमणात करू. पण समोर पंचेंद्रिय जीव आहे आणि मिनिटागणिक त्याची नजर जाते आहे. मला यात धर्मसंकट दिसत नाही.

आणि डोळ्यात दूध, तूप, मध, गुलाबपाणी घालू नका. कपाटातले जुने थेंबही नाहीत, त्यात स्टिरॉइड असलं तर भलतंच होऊ शकतं. डोळा चोळू नका. बॉल लागला, काही टोचलं, तर दाबून पट्टी बांधू नका. रुतलेली वस्तू ओढू नका. कागदी कप डोळ्याला टेकणार नाही असा वरून धरा आणि निघा. आपलं नशीब, पनवेलमध्ये लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे, नवीन पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे. रात्री आणि रविवारी कुठे कोण भेटतं हे आजच विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. रडणारं मूल कडेवर असताना नंबर शोधत बसायला नको.

आपल्याकडे चिंता मात्र वेगळ्याच गोष्टीची होते. "मोबाइलने डोळे जातील" हे दिवसातून दहा वेळा म्हणतो. मोबाइलने डोळे थकतात, कोरडे पडतात, मुलांचा नंबर वाढायलाही हातभार लागतो. पण एका मिनिटात डोळा जातो तो बुचाची जागा मोकळी राहिलेल्या बाटलीने. फोडणीत मोहरी तडतडते तेव्हा मूल ओट्याला टेकून उभं असतं. धूपपूजेला रांगेत आपल्या हातात जळती अगरबत्ती असते आणि ती नेमकी चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. देरासरात जाताना पुढच्या वेळी जरा बघा.

संक्रांतीचंही तसंच. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली. पक्ष्यांसाठी आपण आवाज उठवतो, ते केलंच पाहिजे. दुचाकीवर पुढे बसवलेल्या नातवाला चष्मा घालायचं मात्र विसरतो.

आणखी एक गोष्ट, जी घराबाहेरची वाटते पण आहे आपलीच. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरची दुकानं, गोदामं कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये, तळोज्याच्या एमआयडीसीत आहेत. तिथे ग्राइंडरवर पोरं उघड्या डोळ्यांनी उभी असतात. लोखंडाचा कण बुबुळात रुततो आणि सोबतचा कामगार काडीने तो काढतो. हवेतल्या जीवासाठी आपण तोंडापुढे मुहपत्ती धरतो. मग माणसाच्या डोळ्यापुढे साधा गॉगल का नाही? घरच्या पुरुषांना हे विचारायचं काम आपलं. आयंबिलचं पारणं करवण्याइतकंच पुण्य यात आहे, असं मी मानते. भातझोडणीच्या दिवसांत आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांच्या डोळ्यात तूस जातं, त्यातून बुरशीची जखम होते, ती लवकर बरी होत नाही. आपल्या मंडळाने साड्या वाटण्याऐवजी एखाद्या वर्षी संरक्षक चष्मे वाटले तर काय बिघडेल?

यावर एक उत्तर नेहमी येतं: "कर्मात होतं ते झालं." दर्शनावरणीय कर्म मीही मानते. पण तेवढ्यासाठी आपण पाणी गाळायचं सोडत नाही, रात्रीचं जेवण सुरू करत नाही. पुरुषार्थ आपल्या हातात आहे म्हणून तर व्रतं घेतो. घडून गेल्यावर समताभाव हवा, पण घडण्याआधी सावधपणा हवाच. आधीच्या आळसाला नंतर कर्म हे नाव द्यायचं, हे मला पटत नाही.

नेत्रदानाबद्दलही एक समज दूर करते. दान केलेल्या डोळ्यातला पुढचा पारदर्शक पडदा तेवढा दुसऱ्याला बसवतात. आतला पडदा, मागची नस बदलता येत नाही. चुन्याने खोल भाजलेल्या डोळ्यावर तर नुसता नवा पडदा बसवून बऱ्याचदा भागत नाही, कारण त्याला जिवंत ठेवणाऱ्या कडेच्या पेशीच मेलेल्या असतात. म्हणजे आपलं दान त्या मुलाच्या उपयोगी पडेलच असं नाही. त्याच्यासाठी उपयोगी होती ती फक्त उंच फळी आणि घट्ट झाकण.

म्हणून या चातुर्मासात एक छोटा नियम घ्या. रोज रात्री प्रतिक्रमणाला बसण्याआधी ओटा, मोरी आणि देवघर यांवर एक नजर फिरवायची. चुना, ॲसिड, कात्री, काडेपेटी मुलाच्या हाताला लागत नाही ना, एवढंच बघायचं. दोन मिनिटं लागतात. आणि नेत्रदानाचा फॉर्म राहिला असेल तर तोही भरा.