साबणाचा रंग

गेल्या संक्रांतीच्या आधींच्या आठवड्यांतील गोष्ट. या खेपेस हळदीकुंकवाला बाजारांतील प्लॅस्टिकच्या डब्या न लुटतां घरीं केलेल्या साबणाची वडी वाण म्हणून द्यावी, असें आमच्या सूनबाईंनीं ठरविलें. हल्लीं तयार 'सोप बेस' मागविला असतां तो अकलूजसारख्या गांवींहि घरपोंच येतो. तेलांत कॉस्टिक घालून साबण करण्याची जुनी, कष्टाची व कांहींशी धोक्याची क्रिया त्यांत आधींच झालेली असते. आपण त्याचे तुकडे करावे, भांड्यांत घालून तें भांडें गरम पाण्यांत ठेवावें, आणि वितळलेला साबण रंग व सुवास घालून सांच्यांत ओतावा, इतकेंच काम उरतें.

सर्व सिद्धता झाली आणि रंगापाशीं गाडें अडलें. नातीनें देवघरांतील कुंकवाचा करंडा उचलला व म्हणाली, "आजोबा, हें घातलें तर छान लाल होईल, नाहीं का?" आम्ही कांहीं बोलण्यापूर्वींच स्वयंपाकघरांतून उत्तर आलें, "अहो, तिला नको म्हणा. काकूंचें कपाळ आठवा."

आमच्या काकूंच्या कपाळीं ऐन कुंकवाच्या जागीं प्रथम खाज सुटूं लागली, मग काळसर डाग पडला. तो झांकावा म्हणून त्या कुंकू अधिक मोठें लावूं लागल्या. आणि जों जों कुंकू मोठें, तों तों डागहि मोठा. कित्येक वर्षांनीं त्वचारोगाच्या वैद्यांनीं सांगितलें कीं, दोष हळदीचा नसून त्या कुंकवांत मिसळलेल्या कृत्रिम रंगाचा आहे. तोंपर्यंत "कुंकवानें कोणास कधीं अपाय झाला आहे काय?" असें म्हणून त्यांस गप्प करणारांत आम्हीहि होतों, हें येथें कबूल करणें भाग आहे.

वस्तुतः आपला सोलापूर जिल्हा कुंकवाचा. पंढरपूरचें कुंकू सर्वांस ठाऊक आहे. करमाळे तालुक्यांतील केम हें गांवहि त्याकरितां प्रसिद्ध आहे. खरें कुंकू हळदीपासूनच होतें; लिंबाचा रस, टांकणखार अशा पदार्थांच्या संयोगानें तिचा पिवळा रंग पालटून लाल होतो. हळदीचा हा चंचल स्वभाव प्रत्येक गृहिणीनें पाहिलेला आहे. धोतरावर वरणाचा डाग पडला व त्यावर साबण घांसला कीं तो तत्काळ तांबडा होतो. शाळेंत असतां आम्ही हळदीचा कागद करून हाच प्रयोग मुलांस दाखवीत असूं. साबण हा क्षारधर्मी पदार्थ आहे, हें त्यावरून सिद्ध होतें. आणि साबणाच्या रंगाचें पहिलें सूत्रहि तेंच. जो रंग क्षारांत टिकत नाहीं, तो डबींत कितीहि मनोहर दिसो, साबणांत आपलें रूप ठेवीत नाहीं.

हें सूत्र जाणणाऱ्या आम्हींच, वनस्पतीचा रंग तो निर्दोष अशा समजुतीनें, पहिल्या दिवशीं बिटाचा रस सुचविला! ओततांना तो गुलाबी दिसला. थोड्याच दिवसांत वडी मळकट तपकिरी झाली. जास्वंदीची तीच गत. तिचा लाल रंग आंबटांत खुलतो, क्षारांत हिरवट-करडा होतो. हळद मात्र अगदीं चिमूटभर घातल्यास वडीस पिंवळसर छटा देते. अधिक घातल्यास नारिंगी-तपकिरी होते, टॉवेलास डाग पाडते, आणि उजेडांत हळूहळू विटते.

या प्रसंगीं आम्हांस साहित्यदर्पण आठवलें. संस्कृतांत 'रञ्ज्' धातूपासून रंग, रंजन व राग हे तिन्ही शब्द होतात; राग म्हणजे रंग, आणि राग म्हणजे प्रीतिहि. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें पूर्वरागाचे तीन प्रकार रंगाऱ्याच्या भाषेंत सांगितले आहेत. फारसा झळकत नाहीं पण जात नाहीं, तो नीलीराग. झळकतो पण निघून जातो, तो कुसुंभराग. झळकतो आणि जातहि नाहीं, तो मंजिष्ठाराग. कुसुंभ म्हणजे आपल्याच जिल्ह्यांत पिकणारी करडई. तिच्या पाकळ्यांतील लाल रंग प्रकाशांत व क्षारांत टिकाव धरीत नाहीं, हें आजचें रसायनशास्त्रहि सांगतें. साबणाच्या रंगांची वर्गवारी आम्हीं याच तीन नांवांनीं केली व नातीस ती चटकन समजली.

बीट, जास्वंद व खाण्याचे रंग हे कुसुंभवर्गी. खाण्याचा रंग पाण्यांत विरघळतो, म्हणून साबणांतहि एका जागीं राहत नाहीं. नातीनें हट्टानें अर्धी पांढरी व अर्धी लाल अशी एक वडी केली. आठ दिवसांत मधली रेघ पुसली जाऊन पांढरा भाग गुलाबी झाला. एकरंगी वडीस तो चालेल. थरांच्या वडीस चालणार नाहीं.

नीलीवर्गांत कोळशाची वस्त्रगाळ पूड, मुलतानी माती व लोहाचे ऑक्साइड येतात. ही मंडळी चमकत नाहींत, पण क्षारांत ढळत नाहींत आणि शेजारच्या थरांतहि शिरत नाहींत. गेरूचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडाचाच आहे. तरी अंगणांत वापरण्याचा गेरू साबणांत घालूं नये, कारण त्यांत आणखी काय मिसळलें असेल तें कळत नाहीं. प्रसाधनांकरितां शुद्ध केलेलें लोह-ऑक्साइड मिळतें, तेंच घ्यावें. खऱ्या निळीच्या पानांचा रंगहि साबणांत करडा-निळा उतरतो.

मंजिष्ठावर्गांत अल्ट्रामरीन व अभ्रकी रंग. अल्ट्रामरीन म्हणजे आमच्या लहानपणीं कपड्यांस देण्याच्या पुडींतील निळा खनिज रंग. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रान्समध्यें गीमे यानें तो कृत्रिम रीतीनें तयार केला. आम्लांत तो नासतो, पण क्षारांत उत्तम टिकतो. आज बाटलींत मिळणारी कपड्यांची पातळ नीळ ही वस्तु निराळी. ती साबणांत घालूं नये. अभ्रकी रंग, ज्यास 'मायका' म्हणतात, तो अभ्रकाच्या बारीक पत्रीवर ऑक्साइडांचे थर चढवून करतात. पारदर्शक बेसांत त्याची झळक खुलते. येथें एक गोष्ट विसरूं नये. झारखंडांतील कोडरमा-गिरिडीह भागांत अभ्रक वेंचण्याच्या कामीं लहान मुलें राबत असल्याचें उजेडांत आलेलें आहे. कारखान्यांत बनविलेला अभ्रकहि आतां मिळतो. शक्य तेथें तो मागावा. स्वतः मंजिष्ठेची पूड ग्लिसरिनांत भिजवून गाळून घातल्यास फिकट गुलाबी ते तांबूस छटा येते.

आतां जे रंग घरांत असूनहि साबणांत कदापि घालूं नयेत ते सांगतों. शेंदूर हा शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा, दोन्ही विषारी. होळीचे रंग, रांगोळीचे रंग, मेणबत्तीचे व चित्रकलेचे रंग, आणि घटक न छापलेलें कोणतेंहि कुंकू, हींहि वर्ज्य. शिशाच्या व सोमलाच्या संयुगांनीं प्रसाधनें रंगविण्यास आपल्या कायद्यानेंहि बंदी आहे. डबीवर 'प्रसाधनांसाठीं' असे शब्द व रंगाचा सी.आय. क्रमांक पाहावा. लाल लोह-ऑक्साइड ७७४९१, पिंवळें ७७४९२, काळें ७७४९९, अल्ट्रामरीन ७७००७, अभ्रक ७७०१९. सी.आय. ७५४७० असेल तर तो कार्माइन, म्हणजे किड्यांपासून काढलेला रंग. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस तो चालणार नाहीं.

कृतींत सांगण्यासारखें थोडेंच आहे. बेस उकळूं देऊं नये. साठ-पासष्ट अंशांस तो पातळ होतो. कोरडी पूड एकदम टाकल्यास गुठळ्या होतात, म्हणून ती आधीं थोड्या ग्लिसरिनांत खलावी. अर्धा किलो बेसास अभ्रकी रंग अर्धा ते एक चहाचा चमचा, ऑक्साइड किंवा अल्ट्रामरीन पाव चमच्यापासून. पांढऱ्या बेसांत रंग फिकाच उतरतो. गडद हवा असल्यास पारदर्शक बेस घ्यावा. माती व कोळसा तळाशीं बसतात. साबण किंचित् दाट होऊं लागल्यावर ढवळून ओतावा. व्हॅनिलाचा सुवास घातल्यास वडी कालांतरानें तपकिरी होते, तो दोष रंगाचा नव्हे. कसोटी एकच: वडी रंगीत असावी, फेंस पांढरा असावा. फेंस रंगीत आला तर रंग अधिक झाला असें समजावें. शेवटीं दंडाच्या आंतल्या बाजूस फेंस लावून दोन दिवस वाट पाहावी. तेवढ्यानें सर्व खात्री होत नाहीं, कारण काकूंसारखा अपाय पुष्कळ दिवसांच्या वापरानेंहि उद्भवतो. म्हणूनच रंगाची निवड आधींच पारखून करावयाची. ज्या भगिनींस असा साबण विकावयाचा असेल, त्यांनीं २०२० च्या प्रसाधन नियमांप्रमाणें परवाना घेतल्यावांचून तो बाजारांत नेऊं नये.

आमच्या घरीं अखेर तीन तऱ्हेच्या वड्या झाल्या: कोळशाची करडी, अल्ट्रामरीनची निळी, आणि लोह-ऑक्साइडाची तांबडी. तांबडी पाहून नात हिरमुसली. "ही तर विटेसारखी दिसते, आजोबा!" पुढच्या खेपेस पांढऱ्या बेसांत रंग निम्मा केला, तेव्हां मऊ गुलाबी छटा आली व तिचें समाधान झालें. सूनबाईंनीं प्रत्येक वडीबरोबर एक चिठ्ठी बांधली. तींत कोणता रंग घातला आहे तें लिहिलें होतें.

ही चिठ्ठी आम्हांस सर्वांत आवडली. हळदीकुंकवास आलेली सवाष्ण वाण पदरांत घेते, तेव्हां "यांत काय घातलें आहे?" असें ती विचारीत नाहीं, तें तिच्या रीतींत बसत नाहीं. काकूंनींहि कधीं विचारलें नव्हतें. घेणारीनें विचारावयाचें नसतें, म्हणून देणाऱ्यानें आधींच विचारून ठेवावयाचें असतें.